एक मृत्यू, दोन सरकारे: निरोप कोणी पोचवायचा?

देशोदेशीच्या डिजिटल सरकारांची तुलना बहुतेक वेळा क्रमवारीच्या तक्त्यांवरून होते. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या ई-गव्हर्नमेंट पाहणीत डेन्मार्क पहिला, एस्टोनिया दुसरा, ब्रिटन सातवा आणि भारत ९७ वा होता. हा तक्ता अंतर दाखवतो, पण अंतर पडते कुठे हे त्यावरून कळत नाही. ते कळायला एकच घटना दोन देशांच्या यंत्रणांमधून कशी गेली हे बारकाईने पाहावे लागते. इथे तशी घटना आहे: इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांचा मृत्यू. एकाच माणसाच्या जाण्याची बातमी दोन सरकारांपर्यंत पोचवायची होती. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावे आणि काही तपशील बदलले आहेत. या कुटुंबाला कागदपत्रांचा क्रम लावून देण्यात माझा सहभाग होता.

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून हे गृहस्थ साठच्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडला गेले. मिडलँड्समधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात नोकरी केली, घर घेतले, पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेतले आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत देतो ते ओसीआय कार्डही घेतले. गावाशी नाते तुटले नव्हते. वडिलोपार्जित शेतजमिनीच्या सामाईक सातबाऱ्यावर त्यांचे नाव होते. ती जमीन पुतण्या कसत असे. पुण्यात एक जुना फ्लॅट होता आणि बँकेत एनआरओ खाते, म्हणजे परदेशस्थांसाठीचे रुपयातले खाते.

जानेवारी २०२५ मध्ये त्यांचे निधन झाले. मागे पत्नी, मुलगी आणि मुलगा. तिघेही इंग्लंडमध्ये. कागदपत्रांची जबाबदारी मुलीने घेतली. गावाकडे तिचा भरवसा होता चुलतभावावर, म्हणजे जमीन कसणाऱ्या त्या पुतण्यावर.

इंग्लंडमधली बाजू

ही बाजू लवकर उरकली. इस्पितळातला वैद्यकीय परीक्षकाचा कागद निबंधक कार्यालयात गेला आणि मुलीला भेटीची वेळ मिळाली. निबंधक बाईंनी समोर बसवून नोंद केली, मृत्यू दाखल्याच्या प्रती दिल्या (एका प्रतीला साडेबारा पौंड) आणि एक संदर्भ क्रमांक दिला. तो क्रमांक होता ‘टेल अस वन्स’ या सेवेचा. मुलीने घरी येऊन वडिलांचा नॅशनल इन्शुरन्स क्रमांक, पासपोर्ट क्रमांक, वाहन परवाना क्रमांक आणि पत्ता भरला. त्या एका अर्जावरून कर खाते, पेन्शन खाते, पासपोर्ट कार्यालय, वाहन परवाना विभाग आणि स्थानिक कौन्सिल या सगळ्यांना बातमी गेली. काही आठवड्यांत पत्रे येऊ लागली. सरकारी पेन्शन थांबली होती. घरात आता आई एकटीच राहते हे कौन्सिलला कळल्यामुळे एकट्या रहिवाशाला मिळणारी कौन्सिल टॅक्समधली २५ टक्के सवलतही लागू झाली.

ही सेवा सहजासहजी उभी राहिलेली नाही. २००६ साली सर डेव्हिड व्हार्नी यांनी ब्रिटिश सरकारला सार्वजनिक सेवांवर अहवाल दिला. घरातला माणूस अपघातात गेल्यावर एका कुटुंबाला सरकारी खात्यांशी ४४ वेळा संपर्क करावा लागल्याचे उदाहरण त्यात होते. हा आकडा राज्यकर्त्यांना लागला. खात्यांची संगणकप्रणाली एकत्र करणे वर्षानुवर्षांचे काम होते, म्हणून तो नाद सोडून फक्त बातमी एकदा घेऊन सगळीकडे पोचवायची असे ठरले. आधी काही ठिकाणी चाचणी झाली आणि मग सेवा इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडभर नेली. उत्तर आयर्लंडमध्ये ती आजही नाही.

सेवेच्या मर्यादाही लगेच दिसल्या. ती खासगी संस्थांना कळवत नाही. कारखान्याची पेन्शन खासगी निधीतून येत होती. तिथे कळवायचे राहून गेले आणि जादा जमा झालेली रक्कम पुढे परत करावी लागली. बँकांना वेगळे कळवावे लागले. आणि भारताच्या बाजूने ही सेवा पूर्ण मुकी होती. ओसीआय कार्ड परत करण्याची प्रक्रिया भारतीय उच्चायोगाच्या यंत्रणेत स्वतंत्रपणे करावी लागली.

पेच

भारतात तीन दारे होती: गावचे तलाठी कार्यालय, पुण्यातल्या फ्लॅटसाठी सोसायटी आणि महापालिका, आणि बँक. तिन्ही ठिकाणी एकाच गोष्टीचा पुरावा हवा होता, आणि तिन्ही ठिकाणी तो नव्याने द्यायचा होता.

बँकेत नामनिर्देशन होते, त्यामुळे ते काम रखडले तरी अडले नाही. फ्लॅटसाठी सोसायटीकडे एक अर्ज, मालमत्ता कराच्या नोंदीसाठी दुसरा आणि वीजजोडणीच्या नावासाठी तिसरा. कंटाळवाणे, पण होण्यासारखे. खरा पेच जमिनीचा होता, आणि त्याला तीन पदर होते.

पहिला पदर दाखल्याचा. मृत्यू परदेशात झालेला. गावच्या मृत्यू नोंदवहीत त्याचा मागमूस असण्याचे कारण नव्हते. इंग्लंडचा दाखला भारतात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर अपॉस्टिल हवे, म्हणजे कागद खरा असल्याचे तिथल्या सरकारचे प्रमाणन. भारत २००५ पासून हेग अपॉस्टिल कराराचा सदस्य आहे, त्यामुळे कायद्याने प्रश्न नव्हता. मात्र अपॉस्टिल लावलेला दाखला त्या तलाठी कार्यालयात आजवर कोणी आणला नव्हता.

दुसरा पदर नावाचा. सातबाऱ्यावर नाव होते ‘दत्तू रामा’. ब्रिटिश पासपोर्टवर आणि मृत्यू दाखल्यावर ‘दत्तात्रय रामचंद्र’. गावात हे दोघे एकच, याबद्दल कोणाला शंका नाही. संगणकाच्या लेखी मात्र दोन वेगळी माणसे.

तिसरा पदर नात्याचा. गावात धावपळ करणार तो चुलतभाऊ, घरातला ‘दादा’, त्याच सातबाऱ्यावर सहहिस्सेदार. ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याचेच हित त्या जमिनीत अडकलेले. त्याच्या हेतूबद्दल मुलीच्या मनात काही नव्हते, पण आईला झोप लागत नव्हती. “दादा चांगलाच आहे, पण उद्या त्याच्या मुलांचं काय सांगावं,” हे आईचे शब्द.

समोर असलेले पर्याय

मुलीसमोर चार वाटा होत्या.

एक, स्वतः गावी जाऊन सगळे करून घ्यायचे. सगळ्यात स्वच्छ मार्ग हाच होता, पण वारस नोंदीत नोटिशीची मुदत, चौकशी आणि मंजुरी असे टप्पे असतात. नोकरी सोडून तितके दिवस राहणे शक्य नव्हते.

दोन, दादाला सर्वाधिकार देणारे कुलमुखत्यारपत्र. गावाकडचा सल्ला हाच होता. “कुलमुखत्यार करून दे, बाकी माझ्यावर सोड,” असे दादाने फोनवर सांगितले आणि ते मनापासून सांगितले.

तीन, न्यायालयातून वारस दाखला. वारसांमध्ये वाद नसताना या वाटेने जाणे म्हणजे वेळ आणि वकिलाची फी दोन्ही घालवणे.

चार, सध्या काहीच करायचे नाही. हा पर्याय कोणी बोलून दाखवत नाही, पण महाराष्ट्रातल्या असंख्य सातबाऱ्यांवर तोच निवडलेला दिसतो. आजोबा-पणजोबांची नावे तशीच राहतात. वाटप, कर्ज किंवा भूसंपादनाचा मोबदला निघाला की तीन पिढ्यांचे वारस शोधत फिरावे लागते.

पहिला निर्णय: अधिकार किती द्यायचे

चर्चेअंती मधली वाट निघाली. विशिष्ट कामापुरते मुखत्यारपत्र: वारस नोंदीचा अर्ज देणे, कागद सादर करणे, नोटीस स्वीकारणे, एवढेच. विक्री, गहाण, हक्कसोड यांतले काहीही करण्याचा अधिकार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले. वारसांची यादी तिघांनी प्रतिज्ञापत्रावर स्वतः दिली, म्हणजे गावाकडून नावे गाळली जाण्याची शक्यता उरली नाही. परदेशात केलेले मुखत्यारपत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. इथे ती वेळेत झाली.

दादाला हे कसे सांगायचे याचा विचार मुलीने कागदापेक्षा जास्त केला. “दादा, तुझ्यावर अविश्वास नाही. पुढं कुणी तुझ्याकडं बोट दाखवू नये म्हणून असं केलंय,” असे तिने सांगितले. तो थोडा नाराज झाला, पण काम सोडले नाही. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. ऑनलाइन सेवा नसली की माणूस मध्यस्थावर अवलंबून राहतो, आणि बाईच्या वाट्याच्या जमिनीत तो मध्यस्थ बहुधा भाऊबंदच असतो. मुलीला हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. सातबाऱ्यावर नाव लागेपर्यंत मात्र तो हक्क कागदावर दिसत नाही, आणि नाव लागायचे तर कोणीतरी चावडीवर जावेच लागते.

दुसरा निर्णय: मोहिमेत घुसायचे की थांबायचे

एप्रिल २०२५ मध्ये वेगळेच वळण आले. महसूल विभागाने १ एप्रिल ते १० मे या काळात राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम घेतली. बुलढाणा जिल्ह्यात सुरू झालेला हा उपक्रम राज्यभर नेला होता. तलाठ्यांनी चावडी वाचन करायचे, मयत खातेदारांची यादी काढायची, वारसांकडून कागद घ्यायचे, चौकशी करायची आणि फेरफार घेऊन सातबारा अद्ययावत करायचा, असा कार्यक्रम होता.

दादाचा लगेच फोन आला. “मोहीम चालू हाय तवर काम पटकन हुतंय. दाखल्याचा फोटो पाठव, मी भाऊसाहेबांस्नी दावतो.” तेव्हा दाखला अपॉस्टिलसाठी टपालात होता.

तलाठी भाऊसाहेबांनी फोटो पाहिला आणि सांगितले की मूळ कागदाशिवाय नोंद धरणार नाही. धरली तरी सर्कलकडे, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याकडे, अडकेल. कुटुंबापुढे दोनच गोष्टी होत्या: ओळखीपाळखीने आग्रह धरायचा, किंवा मोहीम हातची जाऊ द्यायची. त्यांनी जाऊ दिली.

हे थांबणे योग्य होते असे माझे ठाम मत आहे. अपुऱ्या कागदांवर धरलेली नोंद मंडळ अधिकाऱ्याने रद्द केली की प्रकरण अपिलात, म्हणजे प्रांताकडे जाते. तिथे महिन्यांचा हिशेब लागतो.

पण या प्रसंगात एक फार महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. मोहिमेत सरकार स्वतः मयत खातेदार शोधायला निघाले होते. वारसांनी अर्ज करेपर्यंत वाट पाहणारी यंत्रणा एका उन्हाळ्यापुरती स्वतः दारात गेली. गावातल्या मृत्यू नोंदवहीतली बातमी अधिकार अभिलेखापर्यंत, म्हणजे सातबाऱ्यापर्यंत, सरकारी माणसाने चालत नेली. ‘टेल अस वन्स’ जे काम करते तेच हे, फक्त मोहिमेच्या रूपात. आणि आमच्या गृहस्थांचे नाव त्या यादीत येणे शक्यच नव्हते, कारण त्यांची मृत्यू नोंद मिडलँड्समधल्या कार्यालयात होती.

तिसरा निर्णय: दत्तू की दत्तात्रय

अपॉस्टिल आले आणि अर्ज ऑनलाइन भरायला घेतला. पोर्टलवर ओटीपीसाठी भारतातला मोबाइल क्रमांक लागत होता, म्हणून दादाचा दिला. त्या क्षणापासून अर्जाची प्रत्येक हालचाल आधी त्याला कळणार होती, मुलीला नंतर. मुखत्यारपत्रात जी काळजी घेतली होती ती एका मोबाइल क्रमांकाने पातळ झाली.

नावाच्या प्रश्नावर सुरुवातीला सगळ्यांचा सल्ला एकच: “एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र करा.” ते केलेच. पण तलाठ्यांना त्याहून भक्कम काही हवे होते आणि ते रास्त होते. परदेशातल्या दाखल्यावरून जमिनीची नोंद बदलणे ही त्यांच्या सहीची जबाबदारी होती. उत्तर गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सापडले. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्या मुलाचे पूर्ण नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख होती आणि नावापुढे कंसात ‘दत्तू’ असे शाईने लिहिलेले होते. जन्मतारीख पासपोर्टशी तंतोतंत जुळली. मुख्याध्यापकांनी उतारा दिला. पोलीस पाटलांचा जबाब झाला. भाऊसाहेबांनी तहसील कार्यालयात अपॉस्टिलबद्दल विचारून घेतले आणि मग नोंद धरली. नोटीस निघाली, ‘आपली चावडी’ या महसूल विभागाच्या संकेतस्थळावर ती इंग्लंडमधून मुलीला वाचता आली, हरकतीची १५ दिवसांची मुदत संपली आणि सर्कलने नोंद मंजूर केली.

या गावात जे काही डिजिटल होते ते चांगले चालले, हे आवर्जून सांगायला हवे. नोटीस परदेशातून दिसणे, मंजुरीनंतर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या उतरवून घेता येणे, या सोयी दहा वर्षांपूर्वी नव्हत्या. अडचण या सोयींच्या अलीकडे होती. पहिली बातमी आत शिरण्याची वाट डिजिटल नव्हती.

दोन देशांची उलटी बांधणी

या दोन यंत्रणा शेजारी ठेवल्या की एक विलक्षण गोष्ट दिसते.

ब्रिटनला आपल्या नागरिकांची एकच ओळख कधी उभारता आलेली नाही. ओळखपत्राचा कायदा २००६ मध्ये झाला आणि २०१० मध्ये रद्द झाला. ऑनलाइन ओळख पटवण्यासाठी २०१६ मध्ये आणलेली ‘व्हेरिफाय’ ही योजना अपेक्षेच्या जवळपासही न पोचता २०२३ मध्ये बंद झाली. तरीही त्यांनी मृत्यूची बातमी खात्याखात्यांत पोचवून दाखवली. कशाच्या जोरावर? निबंधकासमोर झालेल्या भेटीच्या. एका अधिकृत माणसाने कागद पाहिले, नोंद केली आणि पुढच्या सगळ्या खात्यांनी त्या नोंदीवर विश्वास ठेवला.

भारताचे नेमके उलटे. नंदुरबारच्या टेंभलीत सप्टेंबर २०१० मध्ये पहिले आधार दिले गेले. तिथून सुरू झालेली ओळखव्यवस्था आज जगातली सर्वांत मोठी आहे. २०१५ पासून डिजिलॉकर आहे. कागद दाखवणे सोपे झाले. पण एका खात्याला कळलेले दुसऱ्याला कळवण्याचे काम नागरिकाकडेच राहिले. आपण कागदाचे डिजिटायझेशन केले. निरोप मात्र अजून वारसच पोचवतो.

याचा सगळ्यात बोलका पुरावा दर नोव्हेंबरात दिसतो. निवृत्तिवेतनधारकांनी हयातीचा दाखला द्यायचा. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ने ते बोटाच्या ठशावर आणले, २०२१ पासून चेहरा ओळखूनही होते. सोय उत्तम आहे आणि लाखो ज्येष्ठांचे हाल त्यामुळे वाचले. पण मुळात जिवंत माणसाला दरवर्षी जिवंत असल्याचे सांगावे लागते, कारण गेलेल्या माणसाची बातमी कोषागारापर्यंत आपोआप जात नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या पेन्शनरला असा दरवर्षीचा दाखला द्यावा लागत नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या पेन्शनरांना मात्र ब्रिटन हयातीचे फॉर्म पाठवते, कारण तिथून मृत्यूची बातमी त्याच्याकडे येत नाही. म्हणजे देश कुठलाही असो, निरोपाची वाट नसेल तिथे हयातीचा दाखला येतो.

तक्त्यातले पहिले दोन देश याच्याही पुढे आहेत. डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येकाला एक नोंदणी क्रमांक आहे आणि सगळी खाती तीच नोंदवही वापरतात. २०१४ पासून सरकारी टपाल डिजिटल पेटीत घेणे तिथे बंधनकारक झाले. ज्यांना जमत नाही त्यांना अर्ज करून सूट घेता येते. बंधन घालायचे तर सूटही कायद्यातच ठेवायची, ही डेन्मार्कची शिस्त मला फार मोलाची वाटते. एस्टोनियात २००१ पासून ‘एक्स-रोड’ या वाहिनीवरून खाती एकमेकांच्या नोंदवह्यांतून माहिती विचारून घेतात, आणि एका नोंदवहीत असलेली माहिती गोळा करायला दुसरी नोंदवही उघडायला कायद्याने मनाई आहे. २०१९ पासून तिथे मूल जन्मले की पालकांना अर्ज करावा लागत नाही. नोंदणीवरून सरकारच लाभाचा प्रस्ताव पाठवते.

मात्र या देशांचे अनुकरण करा असा सल्ला द्यायला मी धजावणार नाही. एस्टोनियाची लोकसंख्या सातारा जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. शिवाय सगळे एका ओळखीवर टांगले की धोकाही एकवटतो. २०१७ मध्ये एस्टोनियाच्या सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांच्या चिपमध्ये त्रुटी सापडली आणि नोव्हेंबरात त्यांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. त्यांनी ते उघडपणे सांगितले आणि दुरुस्त केले.

भारतासाठी खरा धोका तर याहून जुना आहे. उत्तर प्रदेशातल्या आझमगडच्या लाल बिहारी यांना जमिनीच्या वादातून महसुली कागदांत मृत दाखवले गेले होते. १९७५ ते १९९४ ते कागदावर मेलेले राहिले आणि त्यांनी ‘मृतक संघ’ काढून लढा दिला. तेव्हा चुकीची बातमी एका दप्तरात होती. उद्या तीच बातमी एका क्षणात रेशन, पेन्शन, बँक आणि सातबारा अशी सगळीकडे जाऊ लागली तर जिवंत माणसाला कोणत्या दारात उभे राहायचे? त्यामुळे बातमी पसरवण्याची वाट बांधताना ती मागे घेण्याची वाट आधी बांधली पाहिजे, आणि तिची जबाबदारी नाव-पद असलेल्या एका अधिकाऱ्यावर हवी.

काही हालचाल सुरू झाली आहे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. तिने राष्ट्रीय पातळीवर नोंदींचा एकत्र साठा करण्याची आणि तो मतदार यादी, शिधापत्रिका, मालमत्ता नोंदणी यांसारख्या यंत्रणांना उपलब्ध करण्याची तरतूद केली. २०२५ मध्ये आधार प्राधिकरणाने मृत्यू नोंदींशी पडताळून १ कोटी १७ लाखांच्या आसपास क्रमांक निष्क्रिय केल्याचे जाहीर केले आणि कुटुंबाला ऑनलाइन कळवण्याची सोयही दिली. म्हणजे आधारपर्यंतचा धागा जोडला जातो आहे. सातबाऱ्यापर्यंतचा अजून चावडीतूनच जातो.

परिणाम

पावसाळा सरता सरता सातबाऱ्यावर आई, मुलगी आणि मुलगा अशी तिघांची नावे लागली. इंग्लंडमधले सरकारी काम मार्चपर्यंत संपले होते. बँकेचे पैसे त्यानंतर मिळाले. पुण्यातल्या फ्लॅटची सोसायटीतली नोंद झाली, पण कराच्या बिलावर वडिलांचे नाव बराच काळ येत राहिले. दादाशी संबंध टिकले आणि जमीन अजून तोच कसतो. ओसीआय असलेल्या वारसांना शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने मिळते, एवढे कळल्यावर मुलीने विक्रीचा विषय काढलाही नाही.

काय वेगळे करता आले असते

कुटुंबाच्या बाजूने पहिली गोष्ट नावाची. गृहस्थ हयात असताना, गावच्या एखाद्या फेरीत, सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करून घेतले असते तर शाळेचे रजिस्टर शोधायची वेळ आली नसती. परदेशात असलेल्या प्रत्येकाने आईवडिलांचे पासपोर्टवरचे आणि सातबाऱ्यावरचे नाव आजच शेजारी ठेवून पाहावे. दुसरी गोष्ट प्रतींची. अपॉस्टिल एकाच प्रतीवर केले होते. गाव, बँक आणि सोसायटी यांच्यात तो एक कागद फिरत राहिला आणि कामे एकामागून एक झाली. तीन प्रतींवर केले असते तर ती एकाच वेळी चालली असती. तिसरी गोष्ट मोबाइलची. ओटीपीसाठी मुलीने भारतातले सिमकार्ड स्वतःच्या नावावर चालू ठेवले असते तर अर्जाची बातमी थेट तिला आली असती.

यंत्रणेच्या बाजूने मला तीन जागा दिसतात. परदेशी दाखला आल्यास काय करायचे याचे एक पानी परिपत्रक प्रत्येक तलाठी सजात असावे. भाऊसाहेबांनी तहसीलला विचारले हे त्यांचे भले, दुसऱ्या कोणी अर्ज परत पाठवला असता. वारस नोंदीच्या अर्जात प्रत्येक वारसाचा स्वतंत्र संपर्क घ्यावा, परदेशी क्रमांक किंवा ईमेलसह, आणि नोटीस सगळ्यांना जावी. त्याने हजारो बहिणींचे हक्क वाचतील, त्या गावात राहत असोत की परदेशात. आणि ‘जिवंत सातबारा’ची मोहीम तारखांच्या चौकटीतून बाहेर काढावी. ग्रामपंचायतीत मृत्यू नोंद झाली की त्या गावच्या तलाठ्याच्या लॉगिनला सूचना जावी आणि तलाठ्याने वारसांना कळवावे: तुमच्या घरातल्या माणसाच्या नावावर अमुक गटात जमीन आहे, हे कागद घेऊन या. फेरफार आपोआप होऊ नये. चौकशी, नोटीस आणि हरकत आजच्यासारखीच राहावी. बदल फक्त पहिल्या पावलात हवा.

हे सगळे झाले तरी मिडलँड्समधली मृत्यू नोंद साताऱ्यात कळणार नाही. त्यासाठी उच्चायोगात ओसीआय कार्ड परत करण्याच्या अर्जावरच एक रकाना ठेवता येईल: मयताच्या नावे भारतात जमीन किंवा घर आहे का, असल्यास जिल्हा कोणता. कार्ड परत करायला कुटुंबाला तिथे अर्ज करावा लागतो, आणि त्या वेळी मृत्यू दाखला त्यांच्या हातात असतोच.